कुऱ्हाड जिथे थांबली

मराठी घरात सागवानाला एक वेगळाच मान आहे. वाड्याचे खांब सागाचे, माजघरातला झोपाळा सागाचा, आजीचा देव्हारा सागाचा. लग्नात मिळालेला पलंग तीन पिढ्या टिकला की घरातले लोक कौतुकाने सांगतात, "अस्सल सागवानी आहे!" त्यापुढे काही सांगावे लागत नाही. पण ज्या झाडाचे हे लाकूड, ते झाड आपले आयुष्य पुरते जगले तर केवढे होते, हे मात्र फार थोड्या लोकांनी पाहिलेले असते. याचे कारण साधे आहे. सागाला म्हातारे होऊच दिले जात नाही. लागवडीतला साग पन्नास-साठ वर्षांचा झाला की तो तोडणीला आला असे समजतात. जंगलातल्या सागाकडेही माणसाने शतकानुशतके त्याच नजरेने पाहिले.

म्हणूनच केरळातल्या परांबिकुलमच्या अरण्यात उभा असलेला एक साग मुद्दाम जाऊन पाहावा असा आहे. त्याचे नाव कन्निमारा.

राज्य केरळचे, वाट तमिळनाडूची

परांबिकुलम पालक्काड जिल्ह्यात आहे. पण पालक्काडहून तिथे सरळ जाता येत नाही. आधी तमिळनाडूतल्या पोल्लाची गावात उतरायचे, तिथून सेतुमडैच्या नाक्यावरून आनैमलैच्या डोंगरात चढायचे, टॉप स्लिप ओलांडायचे आणि मग आनप्पाडीच्या नाक्यावर पुन्हा केरळात शिरायचे. 'आनै' म्हणजे हत्ती आणि 'मलै' म्हणजे डोंगर. हत्तींच्या या डोंगरात नाव सार्थ करणारे कळप आजही आहेत.

अभयारण्य म्हणून जपलेल्या या जंगलाला २०१० साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. गाभा आणि भोवतालचा पट्टा मिळून त्याचे क्षेत्र ६४३ चौरस किलोमीटर भरते. रस्त्याच्या कडेला गवे चरताना दिसतात. काळ्या अंगाचे निलगिरी वानर फांद्यांवरून खाली पाहत असतात आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेला शेकरू इथेही एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपावतो. धरणांच्या जलाशयांत मगरी आहेत.

वाटेत दोन्ही बाजूंना सागच साग दिसतो. सरळ, सडपातळ आणि एकसारख्या उंचीचा. ही माणसाने लावलेली झाडे. शाळेतली मुले प्रार्थनेला रांगेत उभी राहावीत तशी ती दिसतात. हा रांगेतला साग पाहून डोळे सरावले की मगच कन्निमारासमोर उभे राहावे. तसे केले म्हणजे फरक कळतो.

झाड की भिंत?

गाडीतून उतरून थोडे चालले की पहिल्यांदा दिसते ते खोड. खोड कसले, करड्या रंगाची एक भिंतच. घेर सुमारे सात मीटर. चार-पाच धडधाकट माणसांनी हातात हात घालून कडे केले तर ते जेमतेम पुरावे. बुंध्याशी खोडाला खोल पन्हळी पडल्या आहेत. लहान मूल एखाद्या पन्हळीत सहज लपेल. उंची चाळीस मीटरच्या घरात, म्हणजे बारा-तेरा मजल्यांच्या इमारतीएवढी. खालच्या बाजूला फांदी नाही. मान दुखेपर्यंत वर पाहावे तेव्हा कुठे पर्णसंभार सुरू होतो.

वय सुमारे साडेचारशे वर्षे असल्याचे मानतात. १६३० साली शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला तेव्हा या सागाने पन्नाशी ओलांडली असावी, आणि १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा तो शंभरीच्या आसपास असावा. भारत सरकारने १९९४-९५ साली त्याला 'महावृक्ष पुरस्कार' दिला. माणसाच्या हातून झाडाला मिळालेला हा मान. पण त्याच्या फार आधी, सरकारी कागदावर त्याची नोंद होण्यापूर्वीच, या झाडाला राखणदार मिळाले होते. त्यांची हकीकत इथे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकायला मिळते.

रक्ताची कथा

एकदा लाकूडतोडे या सागापाशी आले. त्यांनी कुऱ्हाड उचलली, पहिला घाव घातला आणि खोडातून रक्ताची चिळकांडी उडाली. तोडणाऱ्यांच्या हातातून कुऱ्हाड गळून पडली. झाडात कुमारिकेचा वास आहे, असे म्हणून लोकांनी त्याला हात जोडले. 'कन्नि' म्हणजे कुमारी, 'मरम' म्हणजे झाड. तेव्हापासून ते कन्निमारा झाले आणि त्याची पूजा होऊ लागली. तमिळ मुलखात 'कन्निमार' या नावाने सात कुमारी देवतांना पुजतात. आपल्याकडे पाणवठ्यावर साती आसरांना हळदकुंकू वाहतात त्याची मराठी वाचकाला इथे आठवण व्हावी.

रक्ताची ही गोष्ट ऐकून कोणी हसेल. पण सागाची कोवळी पाने ज्याने लहानपणी तळहातावर चोळली आहेत तो हसणार नाही. कोकणात किंवा विदर्भात वाढलेल्या मुलांना हा खेळ ठाऊक असतो. पान चोळले की तळवा लालभडक होतो. सागाच्या अंगात लाल रंग आहेच. त्या रंगातून रक्ताची कथा जन्मली असेल की आणखी कशातून, हे आज ठरवण्याची गरज नाही. कथेने जे काम केले ते डोळ्यांसमोर उभे आहे. आपल्याकडच्या देवराया अशाच वाचल्या. देवाच्या झाडाची काडीही घरी न्यायची नाही, एवढा एक नियम पाळून गावांनी डोंगरामागून डोंगर उघडे पडत असतानाही एकेक हिरवा तुकडा राखला.

पण देवराईत निदान शेकडो झाडे तरी वाचली. इथे मात्र एका झाडाभोवती कथा उभी राहिली, आणि त्याची असंख्य भावंडे गेली. ती कुठे गेली हे पाहायला गेले तर वाट थेट मुंबईला येते.

मुंबईच्या गोदीपर्यंत

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या आरमाराला ओकचे लाकूड कमी पडू लागले होते. नेपोलियनशी लढाया चालू होत्या आणि जहाजे हवी होती. त्यावर उतारा सापडला तो मलबारच्या सागात. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही, पाण्याने तो लवकर कुजत नाही आणि ओकच्या लाकडात लोखंडी खिळे जसे गंजून जातात तसे सागात गंजत नाहीत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या पारशी कारागिरांनी या सागाची अशी जहाजे बांधली की इंग्लंडातले जाणकारही चकित झाले. १८१३ सालचे 'कॉर्नवॉलिस' हे त्यांपैकीच एक. १८४२ साली चीनने हाँगकाँग बेट इंग्रजांना देण्याचा तह केला तो याच जहाजावर. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' तर आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या धक्क्याला तरंगते आहे. दोनशे वर्षांनंतरही!

या जहाजांची कीर्ती मोठी, पण तिची किंमत जंगलाने दिली. १८०६ साली कंपनी सरकारने कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्याला मलबारच्या जंगलांवर नेमले. सागावर फक्त सरकारचा हक्क, असे ठरले. स्थानिक लोक आणि व्यापारी इतके नाराज झाले की १८२३ साली ते पदच रद्द करावे लागले. तोवर समुद्राजवळचा चांगला साग बराचसा संपला होता. मग नजर आत, डोंगरांकडे वळली. १८४८ साली लेफ्टनंट मायकेल या लष्करी अधिकाऱ्याची आनैमलैच्या जंगलात नेमणूक झाली. काम एकच, सरकारी गोदीसाठी साग काढणे.

हत्ती ओंडके ओढून डोंगराच्या कडेला आणत आणि तिथून ते उतारावर खाली सोडून देत. वरून घसरवायची ती जागा म्हणून 'टॉप स्लिप'. आज तिथे सहलीची गर्दी होते, पण त्या नावात तोडीचा सगळा इतिहास आहे.

केरळच्या बाजूला कोचीन संस्थानाने त्याहून मोठा घाट घातला. १९०७ पर्यंत परांबिकुलमच्या रानातून चालक्कुडीपर्यंत सुमारे ऐंशी किलोमीटरची ट्रामवे तयार झाली. जर्मन बनावटीची इंजिने, दऱ्यांवरचे पूल आणि तीव्र उतार. उतारांवरची युक्ती मोठी गमतीची होती. ओंडक्यांनी भरलेली वाघीण दोराला बांधून खाली सोडायची, आणि तिच्या वजनाने दुसऱ्या टोकाची रिकामी वाघीण आपोआप वर चढायची. चालक्कुडीहून हे लाकूड पुढे कोचीन बंदराकडे जाई. पुढे ट्रामवे बंद झाली. तोवर चार दशकांहून अधिक काळ साग आणि शिसव या वाटेने रानातून बाहेर पडत राहिले.

या सगळ्या धामधुमीत कन्निमारा जागच्या जागी राहिला. आजूबाजूला करवती चालत होत्या, हत्ती ओंडके ओढत होते, दूरवर इंजिनाची शिट्टी वाजत होती. एवढा घेर, एवढी उंची! लाकडाच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा मोलाचे झाड रानात नसेल. तरी ते राहिले.

वूडसाहेबाची काठी

तोडणाऱ्यांतही एक जण वेगळा निघाला. ह्युगो वूड हा वनाधिकारी १९१५ च्या सुमारास आनैमलैत आला. सरसकट तोडीने जंगल उरणार नाही, हे त्याने ओळखले. झाड तोडायचेच असेल तर जमिनीलगत असे तोडावे की बुंध्यातून नवे धुमारे फुटतील, आणि तुटलेल्या जागी पुन्हा साग उभा राहील, ही पद्धत त्याने नेटाने राबवली. फिरताना तो हातातल्या काठीने जमिनीत भोक पाडी आणि खिशातले सागाचे बी त्यात टाकी, असे सांगतात. १९३३ साली तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याचे दफन टॉप स्लिपजवळ सागांच्या सावलीत झाले. रस्त्याला दुतर्फा दिसणाऱ्या सागाच्या मागे अशा माणसांचे कष्ट आहेत.

तरी लावलेला साग आणि जुने अरण्य यांत अंतर आहे. ते कशात आहे हे धनेश पक्ष्याला विचारावे. महाधनेशाची मादी अंडी घालायला मोठ्या झाडाची ढोली शोधते, आत शिरून तोंड लिंपून घेते आणि पिल्ले होईपर्यंत नर तिला फटीतून फळे भरवतो. एवढी मोठी ढोली पन्नास वर्षांच्या झाडात नसते. ती म्हाताऱ्या झाडातच असते, आणि लाकडाच्या हिशेबात पोकळ झाड म्हणजे टाकाऊ माल. म्हातारी झाडे गेली की त्यांच्याबरोबर हे संसारही जातात. हारीने लावलेल्या सागाने लाकडाची भरपाई होते, या घरांची होत नाही.

पावसाची रोजनिशी

म्हातारा साग आणखी एका कामाचा आहे. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांच्या खोडात वर्षांची वर्तुळे नीट उमटत नाहीत. साग मात्र उन्हाळ्यात पाने झाडून विसावा घेतो आणि पावसाबरोबर पुन्हा वाढीला लागतो, म्हणून त्याच्या लाकडात दर वर्षाचे वर्तुळ स्पष्ट दिसते. पाऊस चांगला झाला तर ते बहुधा रुंद, ओढ दिली तर अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केरळातल्या जुन्या सागांची अशी वर्तुळे मोजली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तब्बल ५२३ वर्षांची नोंद आहे. प्रशांत महासागरात एल निनो जागा झाला आणि इकडे मान्सून रुसला की सागाची वाढ खुंटते, असे त्यातून दिसून आले.

आपल्या देशात पाऊस यंत्राने मोजण्याची सलग नोंद दीड-दोनशे वर्षांपलीकडे फारशी जात नाही. त्यामागची रोजनिशी अशा झाडांच्या पोटात आहे. झाड न पाडताही पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढून ती वाचता येते. मात्र त्यासाठी झाड जिवंत असायला हवे. ट्रामवेने गेलेल्या ओंडक्यांबरोबर अशा किती रोजनिश्या गेल्या याचा हिशेब कोणापाशी नाही.

राखणदारांचे काय?

कन्निमाराला देव मानून राखणारी माणसे आजही याच जंगलात राहतात. कादर, मलसर, मलमलसर आणि मुदुवर या चार जमातींच्या वस्त्या इथे आहेत. मध, डिंक, कंदमुळे यांवर जगणाऱ्या कादरांनी साग तोडणाऱ्या साहेबांनाही वाटा दाखवल्या आणि पुढे धरणे बांधणाऱ्यांनाही. परांबिकुलमची धरणे केरळच्या भूमीवर आहेत, पण करारानुसार पाणी तमिळनाडूला जाते आणि धरणांचा कारभारही तमिळनाडूच पाहतो. आदिवासींना मात्र स्वतःच्याच जिल्ह्यातल्या कचेरीत जायचे तर दुसऱ्या राज्यातून फिरून जावे लागते. वाटेतल्या वननाक्याचे फाटक रात्री बंद असते. आजारी माणूस घेऊन निघणाऱ्या घराला हा वळसा काय वाटत असेल, ते सांगायला नको. २०२० साली तर काही कुटुंबांनी केरळातूनच खाली उतरणारी वाट स्वतःच्या हातांनी फोडायला घेतली होती. जंगलात नवा रस्ता म्हणजे जनावरांच्या वाटा तुटणार, हेही खरे. आणि माणसाला दवाखान्यापर्यंत पोचता आले पाहिजे, हेही तितकेच खरे. यातून मार्ग काढणे सोपे नाही. पण तो काढताना ज्यांनी झाड राखले त्यांना विचारल्याशिवाय निर्णय होऊ नये, एवढे तरी न्यायाचे आहे.

अशी विचारपूस कुठे झालीच नाही असे नाही. शेजारच्या वाझचालच्या जंगलात २०१४ साली कादरांच्या वस्त्यांना सामूहिक वनहक्क मिळाले. तिथे पूर्वी धनेशाची पिल्ले काढण्यासाठी ढोल्या धुंडाळणारी माणसे आता त्याच ढोल्यांवर पहारा ठेवतात. परांबिकुलममध्येही पाहुण्यांना रान दाखवण्याचे काम स्थानिक आदिवासी तरुण करतात. ज्याचे घर जंगलात आहे त्याची चूलही जंगल राखून पेटावी, हा यामागचा विचार आहे.

जायचे असेल तर

कोइंबतूर किंवा पालक्काडपर्यंत रेल्वेने जावे. विमानाने येणाऱ्यांना कोइंबतूर जवळचे. तिथून पोल्लाची, आणि पुढे मोटारीने डोंगर. मुक्कामाची आणि जंगलफेरीची नोंदणी व्याघ्र प्रकल्पाकडे आधी करून ठेवावी. वन्यप्राण्यांच्या वाटेत माणूस नको म्हणून रात्री या रस्त्याने जाता येत नाही, तेव्हा दुपारपर्यंत पोचेल असा बेत आखावा. तुनक्कडवूच्या जलाशयाकाठी झाडावरचे घर आहे, मुलांना त्याची मोठी गंमत वाटते. पावसाळा संपल्यानंतरचे दिवस चांगले. तेव्हा रान हिरवेगार असते आणि साग पानांनी भरलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो उघडा होतो. जनावरे दिसायला ते बरे, पण झाडाचा थाट तेव्हा दिसत नाही.

कन्निमारापाशी गेल्यावर त्याला मिठी मारण्याचा, बुंध्याशी बसून फोटो काढण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरावा. एवढ्या जाड खोडाचा जिवंत भाग सालीलगतच्या पातळ थरात असतो, आणि अन्नपाणी शोषणाऱ्या बारीक मुळ्या जमिनीच्या वरच्या थरात पसरलेल्या असतात. रोज शेकडो पावलांनी माती दाबली गेली की त्या गुदमरतात. जे झाड कुऱ्हाडीला पुरून उरले ते कौतुक करणाऱ्यांच्या पायांनी खंगू नये. साल खरवडून नावे कोरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

परांबिकुलमला जाणे प्रत्येकाला जमेल असे नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांना गडचिरोलीतले आलापल्ली जवळचे आहे. तिथे सुमारे सहा हेक्टरांचा जुन्या सागवनाचा तुकडा न तोडता राखला आहे. 'आलापल्लीचे वनवैभव' म्हणून तो ओळखला जातो, आणि २०१४ साली त्याला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे.

आणि तेही लांब वाटले तर आपल्याच गावातला, आपल्याच पेठेतला सर्वांत जुना वृक्ष मुलांना शोधायला सांगावा. वड असेल, चिंच असेल, पार बांधलेला पिंपळ असेल. जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाभोवती सुतळी गुंडाळावी, ती सरळ करून टेपने मोजावी आणि आकडा, तारीख वहीत लिहून ठेवावी. महाराष्ट्रात २०२१ साली झालेल्या कायद्यातील दुरुस्तीनुसार शहरांतली पन्नास वर्षांहून जुनी झाडे 'वारसा वृक्ष' मानली जातात. त्यांवर करवत चालवायची तर त्याआधी बऱ्याच गोष्टींचे उत्तर द्यावे लागते. पण झाड किती जुने आहे हे सांगणारे कोणी नसेल तर कायदा तरी काय करील? ती वही घरात असू द्यावी. दरवर्षी त्याच दिवशी, त्याच झाडाचा घेर पुन्हा मोजावा.